अकरा किलोमीटरचा डिपर

गाडीच्या मागे फक्त एक हुक बसवायचा होता. बाकी काही म्हणजे काही नाही. तोरुन शहराजवळ राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने आपली जुनी कॅरॅव्हॅन आम्हाला देऊ केली. ही पांढरी, गोल, फायबरची चाकांवरची खोली. आत दोन माणसं झोपू शकतात, पण कूस बदलायची असेल तर दोघांना आधी ठरवून, एकदम बदलावी लागते. माझी बायको लुत्सिना वीस वर्षं "एकदा तळ्याकाठी जाऊन राहू" म्हणत होती. मी म्हटलं, चला, हुक बसवू आणि घेऊन येऊ.

हुक गॅरेजवाल्याने अर्ध्या दिवसात बसवला. मग गाड्यांच्या नोंदणी कचेरीत कळलं की हुक गाडीला आहे, पण गाडीच्या कागदावर नाही, म्हणजे हुक नाही. मी रागावलो नाही. मी स्वतः अडतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढली आहेत आणि "कुंपण आहे, पण नकाशावर नाही, म्हणजे कुंपण नाही" हे वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलेलं आहे. फक्त ते ऐकून घ्यायला कसं वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. तपासणी केंद्र, शिक्का, पुन्हा कचेरी, शिक्का उलटा पडला म्हणून पुन्हा तपासणी केंद्र. असे पाच हेलपाटे झाले आणि माझा हुक कायद्याने जन्माला आला.

आता खरी गोष्ट. कॅरॅव्हॅन मागे लावून आम्ही घरी यायला निघालो. मी आयुष्यात कधी मागे काही लावून गाडी चालवलेली नव्हती, पण हे मेहुण्याला सांगायची गरज मला वाटली नाही. वीसेक किलोमीटर मी एका अजस्र ट्रकच्या मागे होतो. त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "आमचा चालक कसा चालवतो? कळवा." खाली फोन नंबर आणि गाडीचा क्रमांक. चढाव आला, ट्रक मंदावला, आणि माझ्यातला मर्द जागा झाला. आमच्याकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून मी डावी लेन धरली आणि ओव्हरटेक सुरू केला.

मी पुढे निघालो न निघालो तोच मागून झप्पकन डिपर! आरशात लखलखाट. मी दचकलो. पुन्हा डिपर. "हा माणूस आपल्याला धमकावतोय," मी लुत्सिनाला म्हटलं. "रस्ता काय बापाचा आहे का त्याच्या?" मी डाव्या लेनमधून हललो नाही. दमदाटीला भीक घालायची नाही, हे आमच्या घराण्याचं तत्त्व आहे. मग तो ट्रक आणखी हळू झाला आणि पुन्हा डिपर. मी म्हटलं, बघ, बैल शिंगं मारण्याआधी दोन पावलं मागे सरकतो तसा सरकतोय. माझ्या मागे गाड्यांची रांग लागली होती, सगळे भोंगे वाजवत होते, आणि मी स्टेअरिंगला लटकून ताशी सत्तरने स्वाभिमान सांभाळत होतो. शेवटी लुत्सिना ओरडली, "अरे, उजवीकडे घे ना एकदाचं!" मी घेतलं. तर तो ट्रक चारही इंडिकेटर लुकलुकवत आमच्या वळणापर्यंत मागेच राहिला. डिपर आणि हा पाठलाग मिळून एकंदर अकरा किलोमीटर. मी किलोमीटर मोजले होते. मोजणं हा माझा धर्म आहे.

घरी पोचल्यावर दुसरं संकट. हुक सुटेना. कॅरॅव्हॅन गाडीला अशी चिकटली की जणू लग्नच लागलंय. आमच्या शेजारचे गेरार्दसाहेब खाली आले. ते निवृत्त होण्याआधी काय करत होते, हे नक्की कोणाला माहीत नाही, पण त्यांना सगळं येतं. त्यांनी आधी तेल सांगितलं, मग व्हिनेगर, मग हातोडा, आणि शेवटी "याला वेळ द्या" असं सांगून ते जेवायला गेले. दोन दिवस मी बाजाराला कॅरॅव्हॅनसकट गेलो. रविवारी चर्चला कॅरॅव्हॅनसकट गेलो, तेव्हा पाद्रीबुवांनी "लांबच्या प्रवासाला निघालात का?" म्हणून आशीर्वादही दिला. इमारतीसमोर आम्ही तीन गाड्यांची जागा अडवली होती. सोसायटीने दारावर नोटीस लावली, त्यात माझं नाव नव्हतं, फक्त "ते अंडं" असा उल्लेख होता.

मी अशा मनःस्थितीत असताना गेरार्दसाहेबांनी मला डिपरची हकिकत विचारली आणि ऐकून मांडीवर थाप मारली.

"तक्रार करा, बोगुमिल. सोडू नका. आज डिपर मारतोय, उद्या ट्रक मारेल."

"पण एवढंसं..."

"तुम्ही गप्प बसता, म्हणून हे लोक माजतात. तुमच्यासारख्या सुशिक्षित माणसाने नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?"

सुशिक्षित म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. मी ट्रकच्या कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली. सोबत तिन्ही डिपरच्या जागांचा नकाशा जोडला, एकास पाचशे या प्रमाणात. ट्रक निळा, आम्ही लाल. प्रत्येक डिपरच्या वेळी दोन गाड्यांमधलं अंतर किती, ते मीटरमध्ये. लुत्सिना त्या दिवशी गाडीत रस्त्याकडेच्या खांबांकडे बघून आकडे लिहून घेत होती, कारण ती माझी बायको आहे आणि तिला माझी सवय आहे. पाठलागासाठी वेगळी पुरवणी. इतका सुंदर नकाशा मी नोकरीतही काढला नव्हता.

चार दिवसांत उत्तर आलं. मला वाटलं, बघा, याला म्हणतात कंपनी. पत्रात लिहिलं होतं की चालक झेनोन कुबाल्का यांच्यावरची ही बावीस वर्षांतली पहिली तक्रार असून शुक्रवारी सकाळी दहा वाजता सुरक्षा समितीपुढे सुनावणी होईल. दोष सिद्ध झाल्यास त्यांना लांबच्या मार्गावरून काढून गोदामाच्या आवारात काम देण्यात येईल. सोबतचा नकाशा "अत्यंत उपयुक्त" ठरला आहे.

मी त्या नकाशाची प्रत आणि पत्र घेऊन जिन्यातून चाललो होतो. घेऊन कशाला चाललो होतो? कोणी विचारलं तर दाखवता यावं म्हणून, दुसरं काय! दुसऱ्या मजल्यावर ऑटिलियाबाई भेटल्या. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला आहे, तुर्कस्तानपासून पोर्तुगालपर्यंत. मी मोठ्या ऐटीत नकाशा पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने निळ्या-लाल रेघा तपासल्या, मग जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

"बोगुमिल," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तू गाढव आहेस."

"मी?"

"अरे, मागे एवढं लांब शेपूट लावलेल्या माणसाला ओव्हरटेक करताना कळत नाही, आपलं बूड समोरच्याच्या नाकापुढून सुटलं की नाही. म्हणून मागचा ड्रायव्हर डिपर देतो. म्हणजे काय? सुटलास बाबा, ये आत. मग आत येणारा डावा-उजवा इंडिकेटर देऊन आभार मानतो. युरोपभर प्रत्येक ट्रकवाल्याला हे ठाऊक आहे. हे बघ, तूच लिहिलंयस. पहिला डिपर, अंतर तीस मीटर. दुसरा, चाळीस. तिसरा, पंचावन्न. तो बिचारा ब्रेक दाबून दाबून तुला जागा करून देतोय आणि तू शेजारी मिरवतोयस!"

"आणि पाठलाग?"

"ते मला माहीत नाही. पण ज्याने तुला पंचावन्न मीटर दिले, तो तुझा पाठलाग कशाला करेल? तू काय मोठा राजा लागून गेलास?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. बावीस वर्षं एकही तक्रार नसलेला माणूस माझ्या नकाशामुळे आवारात झाडू मारणार होता. आणि नकाशा "अत्यंत उपयुक्त" होता.

मी लगेच कंपनीला फोन केला. तक्रारीसाठी एक दाबा, अपघातासाठी दोन, नोकरीसाठी तीन. कौतुकासाठी किंवा पश्चात्तापासाठी आकडा नव्हता. मी एक दाबलं. ब्रिगिदा नावाच्या बाई बोलायला आल्या.

"मला तक्रार मागे घ्यायची आहे."

"तसा फॉर्म नाही."

"मग चालकाचं कौतुक करायचं आहे."

"तोही फॉर्म नाही. फक्त पुरवणी तक्रारीचा फॉर्म आहे. तो मूळ तक्रारदाराने सुनावणीच्या वेळी स्वतः येऊन भरायचा असतो."

"पण मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचंच नाही!"

"मग साहेब, आधी कशाला म्हणालात?" बाईंनी विचारलं.

गेरार्दसाहेबांचा सल्ला असा की जाऊच नये, लोक विसरतात. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, "गेरार्दसाहेब, तुम्ही आत जा आणि जेवा."

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. मी, लुत्सिना, ऑटिलियाबाई आणि अर्थातच कॅरॅव्हॅन, कारण ती काही सुटली नव्हती. लुत्सिना मागच्या सीटवर उकडलेली अंडी, काकडीचं लोणचं आणि चहाचा थर्मास घेऊन बसली. ऑटिलियाबाईंनी पुढे बसून आपला जुना वायरलेस रेडिओ माझ्या गाडीला जोडला. आमच्याकडे ट्रकवाले याच रेडिओवर दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. कुठे गर्दी आहे, कुठे पोलीस आहे, कोणाच्या बायकोने काय केलं, सगळं.

नऊ वाजता गाडी थांबली. पुढे रस्त्याचं काम, दोन लेनची एक लेन, आणि क्षितिजापर्यंत ट्रकच ट्रक. रांगेत मध्येच दोन ट्रक शेजारी शेजारी उभे राहून दोन्ही लेन अडवून होते. उगाच डावीकडून पुढे घुसणाऱ्या शहाण्यांना रोखायची ही त्यांची पद्धत. मी घड्याळ पाहिलं. अजून तीस किलोमीटर.

ऑटिलियाबाईंनी माइक माझ्या हातात दिला. "सांग त्यांना."

"काय सांगू?"

"खरं."

मी बटण दाबलं. "नमस्कार," मी म्हटलं. "मी एक... मला दहा वाजता एका सुनावणीला पोचायचं आहे. एका चालकाने मला आत यायला डिपर दिला होता आणि मी... मी त्याची तक्रार केली. चूक माझी होती. ते सांगायला चाललोय."

मग एक जाडा आवाज आला. "थांब, थांब. तू तो अकरा किलोमीटरवाला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे माझी कीर्ती झाली होती! मी "हो" म्हटलं. त्यावर रेडिओवर जे हसू फुटलं, त्यात किमान वीस ट्रक सामील असावेत. कोणी म्हणालं, "अरे, मला वाटलं झेनोन थापा मारतोय!" कोणी म्हणालं, "सत्तरच्या स्पीडने दोन्ही लेनचा मालक!" माझे कान तापले. लुत्सिना मागे अंडं सोलता सोलता हसत होती, आणि ते मला फार लागलं.

मग जाडा आवाज पुन्हा आला, आता जरा वेगळा. "झेनोनसाठी चाललायस? नक्की?"

"नक्की."

"मग डावीकडून ये, अंड्या. पोरांनो, द्या याला जागा."

आणि काय सांगू तुम्हाला! ते शेजारी उभे असलेले दोन डोंगर, त्यांतला एक पुढे सरकून दुसऱ्याच्या पुढ्यात गेला. वाट मोकळी झाली. मी डाव्या लेनमधून निघालो, शेजारून एकेका ट्रकच्या खिडकीतून हात वर होत होते, आणि मी मान ताठ करून चाललो होतो. रस्ता अरुंद होतो तिथे एक हिरवा ट्रक थांबला, समोर चांगली शेतभर जागा सोडली आणि डिपर दिला.

"ये म्हणतोय," ऑटिलियाबाई म्हणाल्या.

"कळतं मला," मी म्हटलं, आणि आत शिरलो. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर.

"रुंद रस्ता मिळो!" रेडिओवरून सगळ्यांनी निरोप दिला. ट्रकवाले एकमेकांना असाच निरोप देतात.

दहाला सात मिनिटं कमी असताना आम्ही कंपनीच्या आवारात शिरलो आणि मी चुकीच्या वळणाने थेट माल उतरवायच्या धक्क्याला जाऊन भिडलो. पुढे भिंत. मागे जायचं, तर कॅरॅव्हॅन उलटीच. मी उजवीकडे वळवावं तर ती डावीकडे तोंड फिरवी. चार प्रयत्न झाले. ती गाडीशी काटकोनात उभी राहिली. वर ऑफिसच्या खिडकीत तीन माणसं उभं राहून बघत होती. समितीत तीनच सदस्य आहेत, हे मला पत्रावरून माहीत होतं.

तेवढ्यात एक माणूस माझ्या गाडीच्या खिडकीशी आला. इस्त्रीचा शर्ट, पायात ट्रकवाल्यांच्या लाकडी सपाता, हातात कॉफीचा कप. "घाई करू नका," तो हळूच म्हणाला. "हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हां. आता शेपूट ज्या बाजूला न्यायचंय त्याच बाजूला हात न्या. थोडा. अजून थोडा. बघा!"

कॅरॅव्हॅन गरीब गायीसारखी मागे सरकली आणि दोन ट्रकच्या मधोमध जाऊन उभी राहिली. अडतीस वर्षं मी रेघा सरळ काढल्या, पण त्या क्षणाएवढा आनंद मला कशानेच झाला नव्हता. मी खाली उतरलो. त्याने सपातेच्या टाचेने हुकावर एक ठोका दिला, कॅरॅव्हॅन जरा पुढे रेटली, आणि आठवडाभर न सुटलेला हुक खटकन सुटला.

"भार असला की अडतो," तो म्हणाला.

"आपले आभार कसे मानू... आपलं नाव?"

"झेनोन कुबाल्का."

"मी... मी तो..."

"माहीत आहे. हे अंडं कोण विसरेल!" त्याने कप धक्क्यावर ठेवला. "एक सांगू? त्या दिवशी तुमच्या या खोलीचा मागचा दिवा बंद होता. संध्याकाळ होत होती. मागून कोणी येऊन धडकायला नको, म्हणून मी चारही इंडिकेटर लावून तुमच्या मागे राहिलो. माझी वळायची जागा आधीच गेली होती, पण म्हटलं, यांना घरच्या वळणापर्यंत सोडू."

माझी नजर जमिनीवर होती. लुत्सिना पुढे आली, तिने त्याच्या हातात दोन सोललेली अंडी आणि लोणच्याची काकडी ठेवली. त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.

सुनावणी सुरू झाली. ब्रिगिदाबाई मधल्या खुर्चीत होत्या. मी पुरवणी तक्रारीचा फॉर्म मागितला. त्यांनी उसासा टाकून दिला. फॉर्म भरण्यात मी कोणाला हार जाणार नाही. "दोषी चालकाचं नाव" या रकान्यात मी लिहिलं, बोगुमिल व्झोसेक. "वाहनाचा प्रकार": मोटार, मागे अंडं. "दोषाचं वर्णन": जागा दिली असता आत न येणे, आभार न मानणे, उपकारकर्त्याची तक्रार करणे. "पुरावा": माझाच नकाशा, तोच, एकास पाचशे. फक्त या वेळी अंतरांचे आकडे मी मोठ्याने वाचून दाखवले. तीस, चाळीस, पंचावन्न.

"पण तुम्ही आमचे कर्मचारी नाही," एक सदस्य म्हणाले.

"फॉर्मवर तशी अट छापलेली नाही," मी म्हटलं. आता मी माझ्या मैदानात होतो.

ब्रिगिदाबाईंनी फॉर्म उलटा करून पाहिला. सुलटा करून पाहिला. नियमांची वही काढली. मग तिघांनी डोकी जवळ आणली आणि बराच वेळ कुजबुज चालली. झेनोन खुर्चीच्या कडेला बसून शर्टाचं बटण फिरवत होता. बाहेर उभ्या असलेल्या, पोर्तुगालला निघायच्या त्याच्या ट्रकची किल्ली त्याच्या खिशात राहणार की जाणार, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

"नियम असा," ब्रिगिदाबाई उठून म्हणाल्या, "एकाच घटनेच्या दोन तक्रारी असतील तर नंतरची ग्राह्य. श्री. कुबाल्का निर्दोष. नोंदीत काहीही जाणार नाही. श्री. व्झोसेक दोषी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला लेखी ताकीद देण्यात येत आहे आणि कंपनीच्या लांबच्या मार्गांवरून सहा महिन्यांसाठी काढण्यात येत आहे."

शिक्का मारला. सुलटा.

ती ताकीद आता आमच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आहे. गेरार्दसाहेब म्हणतात, सुशिक्षित माणसाने असं काही भिंतीवर लावू नये. लुत्सिना म्हणते, "अडतीस वर्षांत तुला कोणी कसलं प्रमाणपत्र दिलं नाही, हेच पहिलं. राहू दे."

पण ते नंतरचं. त्या दिवशी झेनोनने कॅरॅव्हॅनचा दिवा दुरुस्त करून ती पुन्हा लावून दिली, आणि आम्ही परत निघालो. ऑटिलियाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. चढाव लागला. मी साठने चाललो होतो. मागून तोच, झेनोनचा ट्रक आला, डावी लेन धरली, आणि शेजारून त्याची ती लांबच लांब भिंत सरकायला लागली. चाकामागून चाक. मी पाय उचलला. गाडी हळू केली. भिंत संपली, मागची अक्षरं दिसली, "आमचा चालक कसा चालवतो? कळवा." त्याचं शेपूट माझ्या नाकापुढून सुटलं. मी अंतर मोजलं. वीस. पंचवीस.

आणि मी डिपर दिला.

ट्रक अलगद माझ्यापुढे आला. डावा इंडिकेटर लुकलुकला. मग उजवा. रेडिओवर झेनोनचा आवाज आला, "आभारी आहे, अंड्या. रुंद रस्ता मिळो!"

माझे डोळे भरून आले, रस्ता जरा अंधुक झाला. मी माइक घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"अर्धा सेकंद लवकर दिलास," ऑटिलियाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पण चालेल."